सिसेरो वाचायचाय, पण सुरुवात कुठून करायची?

रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोशी आपली पहिली गाठ पडते ती एखाद्या सुट्या वाक्यातून. कधी वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणाच्या सुरुवातीला, कधी सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर आलेल्या सूर्योदयाच्या चित्राखाली. वाक्य छान असतं. बरेचदा ते त्याचं नसतं, पण ते पुढे बघू. त्या वाक्याच्या ओढीने कोणी त्याचं पुस्तक उघडतं आणि तिसऱ्या पानापर्यंत रोमन नावांच्या गर्दीत अडकून मिटून ठेवतं. हा लेख अशा वाचकासाठी आहे. लॅटिन येत नाही, रोमचा इतिहास शाळेत वाचला तेवढाच, आणि हाताशी इंग्रजी भाषांतरं आहेत, असं धरून चालतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सिसेरो हाडाचा वकील होता. कुठलाही प्रश्न समोर आला की तो आधी एका बाजूने बोलतो, मग तेवढ्याच जोमाने दुसऱ्या बाजूने, आणि त्यातलं काय जास्त पटतं ते शेवटी ठरवतो. प्लेटोच्या अकादमीत पुढच्या काळात रुजलेली ही पद्धत त्याने तरुणपणी आत्मसात केली: अंतिम सत्य हाती लागल्याचा दावा करायचा नाही, दोन्ही बाजू ऐकून जे अधिक संभवनीय वाटेल ते धरायचं. त्याचं शहाणपण शोधायचं ते या सवयीत. निष्कर्ष तर पुष्कळदा त्याच्या आधीच्या ग्रीकांचेच आहेत, आणि ते तो लपवतही नाही.

पहिली पायरी: एका कागदावर सनावळी

अर्धा तास द्या, जास्त नको. इसवी सनापूर्वीचे आकडे उतरत जातात एवढं लक्षात ठेवलं की झालं. इ.स.पू. १०६ मध्ये रोमच्या आग्नेयेला आर्पिनुम या गावी जन्म. घर खातंपितं, पण घराण्यात आधी कोणी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झालेलं नाही. रोममध्ये अशा माणसाला ‘नवा माणूस’ म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, हिणवणं जास्त असे. इ.स.पू. ८० मध्ये, बापाच्या खुनाचा आळ आलेल्या रोशियसचा बचाव करून त्याने नाव कमावलं. ७० मध्ये सिसिली लुटणाऱ्या व्हेरेस या सुभेदारावर खटला चालवला. ६३ मध्ये कॉन्सल. ५८ मध्ये हद्दपार, पुढच्या वर्षी परत. ४९ मध्ये सीझर आणि पॉम्पी या दोन सेनापतींची यादवी. ४५ मध्ये लाडक्या मुलीचा, टुलियाचा मृत्यू. ४४ च्या मार्चमध्ये सीझरचा खून, आणि ४३ च्या ७ डिसेंबरला सीझरचा साथीदार मार्क अँटनी याच्या माणसांकडून सिसेरोचा.

कागदाच्या मागच्या बाजूला पाच-सहा नावं लिहा: जिवलग मित्र ॲटिकस, भाऊ क्विंटस, बायको टेरेन्शिया, मुलगी टुलिया, मुलगा मार्कस, आणि टिरो. टिरो हा त्याचा गुलाम आणि लेखनिक. त्याला पुढे मुक्त केलं. सिसेरोचं लिखाण जपण्यात त्याचा मोठा हात होता.

या सनावळीत न मावणारा एक प्रसंग मला फार आवडतो. इ.स.पू. ७५ मध्ये सिसेरो सिसिलीत खजिन्याचा अधिकारी होता. काम चोख केलं, रोमला धान्य पाठवलं, आणि आता सगळीकडे आपलंच नाव निघत असणार अशा समजुतीत परतताना पुतिओली बंदरात उतरला. तिथे एकाने विचारलं, ‘रोमहून कधी निघालात? काय नवीन?’ तो म्हणाला, मी माझ्या प्रांतातून येतोय. ‘हो हो, आफ्रिकेतून ना?’ सिसेरो चिडून म्हणाला, सिसिलीतून. तेवढ्यात तिसरा एक शहाणा मध्ये पडला, ‘अहो, हे सिराक्यूजला होते, माहीत नाही का?’ सिसेरो होता बेटाच्या दुसऱ्या टोकाला, लिलिबियमला! त्या दिवसापासून त्याने एक ठरवलं: रोमच्या लोकांचे कान जाड आहेत पण डोळे तीक्ष्ण, तेव्हा रोज त्यांच्या नजरेसमोर राहायचं. ही गोष्ट त्याने स्वतःच, एका खटल्यातल्या भाषणात, भर कोर्टात सांगितली आहे. आत्मप्रौढीसाठी सिसेरोला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण स्वतःवर हसताही येणाऱ्या माणसाची प्रौढी जरा सुसह्य होते.

दुसरी पायरी: ग्रंथ बाजूला, पत्रं आधी

बहुतेक याद्यांमध्ये पत्रं शेवटी असतात. माझ्या मते ती सगळ्यात आधी वाचावीत. त्याच्या पत्रव्यवहारातली नऊशेहून जास्त पत्रं शिल्लक आहेत, त्यातली काही इतरांनी त्याला लिहिलेली. ॲटिकसला लिहिलेली पत्रं तर छापायच्या हेतूने लिहिलेलीच नव्हती, म्हणून त्यात रोमन राजकारण कुठलाही मुलामा न लावता दिसतं. इ.स. १३४५ मध्ये इटालियन कवी पेत्रार्कला व्हेरोनात ही पत्रं सापडली आणि त्याला धक्काच बसला. ग्रंथांतला धीरगंभीर तत्त्वज्ञ इथे कुरकुरत होता, घाबरत होता, बाजू बदलत होता. पेत्रार्कने मग चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच एक नाराजीचं पत्र लिहिलं.

तो धक्का तुम्ही सुरुवातीलाच घेऊन टाका. आधी ग्रंथ वाचून मूर्ती घडवायची आणि मग पत्रं वाचून ती फोडायची, हा उलटा कारभार झाला.

भाषांतर निवडताना शक्यतो कालानुक्रमे लावलेलं घ्या. इव्हलिन शकबर्ग यांचं जुनं इंग्रजी भाषांतर तसंच आहे आणि ते इंटरनेटवर फुकट मिळतं. भाषा थोडी जुनाट, पण चालते. सगळी पत्रं वाचायची नाहीत. चार ठिकाणी मुक्काम करा.

एक, हद्दपारीची पत्रं, इ.स.पू. ५८. ही वाचताना अवघडल्यासारखं होतं. माणूस रडतोय, दोष देतोय, कशाला जगलो म्हणतोय. संकटात धीर धरावा असं पुढे पाच पुस्तकांत लिहिणाऱ्या माणसाची ही अवस्था ठाऊक असली, की ती पुस्तकं उपदेश न वाटता स्वतःवर केलेला इलाज वाटू लागतात.

दोन, सिलिशियाची पत्रं, ५१-५०. आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या या प्रांतावर तो मनाविरुद्ध सुभेदार म्हणून गेला. रोममध्ये त्याचा तरुण मित्र सीलियस याला लोकांसाठी खेळ भरवायचे होते आणि त्यासाठी चित्ते हवे होते. तो पत्रामागून पत्र पाठवतोय, चित्ते पाठवा. सिसेरोचं उत्तर: चित्ते फारच कमी उरलेत, आणि जे आहेत त्यांची तक्रार अशी की माझ्या प्रांतात सापळे लावले जातात ते फक्त त्यांच्यासाठी, म्हणून त्यांनी शेजारच्या कारियात निघून जायचं ठरवलंय. प्रांतातल्या माणसांना मी लुबाडत नाही हे त्याने किती सहज सरकवलंय बघा.

तीन, मार्च ४९ मधलं ॲटिकसला लिहिलेलं एक पत्र, नवव्या पुस्तकातलं चौथं. हे एकच वाचलंत तरी चालेल. सीझर इटलीत घुसलाय, पॉम्पी पळ काढतोय, आणि सिसेरो फॉर्मियाच्या घरी अडकून पडलाय: कुणाकडे जायचं? झोप लागत नाही. तेव्हा तो स्वतःसाठी प्रश्नांची यादी करतो. देशावर हुकूमशहा आला तर देशात राहावं का? हुकूमशाही उलथवताना देशच बुडणार असेल तरी ती उलथवावी का? शस्त्रापेक्षा शब्दाने काही साधतंय का ते आधी पाहावं का? या प्रश्नांवर तो कधी ग्रीकमध्ये, कधी लॅटिनमध्ये, आधी बाजूने आणि मग विरोधात युक्तिवाद करत बसतो. मन रमतं आणि नेमक्या विषयाचा विचारही होतो, असं म्हणतो. पुढे तो पॉम्पीकडे गेला, पॉम्पी हरला, आणि सीझरने याला माफ केलं. निर्णय चुकला की बरोबर होता यावर आजही वाद घालता येईल. पण निर्णयाआधीची ती यादी घेण्यासारखी आहे. नोकरी सोडावी का, वडिलोपार्जित घर विकावं का, अशा प्रश्नावर अडला असाल तर एका पानावर एक बाजू आणि दुसऱ्यावर दुसरी लिहून बघा. अट एकच: नावडत्या बाजूचा वकीलही तितकाच चांगला हवा.

चौथा मुक्काम, डिसेंबर ४५. सर्वसत्ताधीश झालेला सीझर दोन हजार माणसं घेऊन सिसेरोच्या समुद्रकाठच्या घरी जेवायला आला. जेवण उत्तम झालं, गप्पा साहित्याच्या, राजकारणाचा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सिसेरो ॲटिकसला लिहितो, की ‘परत याल तेव्हा पुन्हा या हं’ असं ज्याला म्हणावं तसला हा पाहुणा नव्हे, एकदा आला तेवढं पुरे. तीन महिन्यांनी त्या पाहुण्याचा खून झाला.

तिसरी पायरी: म्हातारपणाचा खटला

आता पहिला ग्रंथ. ‘वार्धक्याविषयी’, लॅटिन नाव दे सेनेक्टुटे. छोटासा, एका रविवारी दुपारी वाचून होईल असा. इ.स.पू. ४४ च्या सुमारास लिहिला. तेव्हा सिसेरो बासष्टीच्या आसपास, ॲटिकस त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि पुस्तक त्यालाच अर्पण केलंय. बोलणारा मात्र शंभर वर्षांपूर्वीचा ८४ वर्षांचा रोमन मुत्सद्दी केटो.

हे पुस्तक सरळ खटल्यासारखं वाचा. आरोपी म्हातारपण, आणि आरोप चार: ते कामातून उठवतं, शरीर खिळखिळं करतं, सुखं हिरावतं, मरण जवळ आणतं. वहीच्या डाव्या पानावर आरोप, उजव्यावर केटोचं उत्तर लिहा. पहिल्याचं उत्तर सगळ्यात जोरकस आहे. जहाजावर तरुण डोलकाठीवर चढतात, धावपळ करतात, म्हातारा सुकाणू धरून स्वस्थ बसलेला दिसतो, म्हणून तो काहीच करत नाही असं म्हणणार का? पाठोपाठ नाटककार सोफोक्लिस येतो. बापाला आता घरचा व्यवहार कळत नाही म्हणून मुलांनी त्याला कोर्टात खेचलं, तेव्हा त्याने नुकतंच लिहिलेलं नाटक न्यायाधीशांना वाचून दाखवलं आणि विचारलं, हे वेड्याचं लिखाण वाटतं का? तो सुटला.

दुसऱ्या आरोपाचं उत्तर मला लंगडं वाटतं. शक्ती नाही तर तिची गरजही नाही, हे अंथरुणाला खिळलेल्या माणसासमोर जाऊन म्हणून बघा. पण इथेच सिसेरोची पद्धत उपयोगी पडते, कारण वाचकाच्या मनातली एक मोठी शंका त्याने सुरुवातीलाच पुस्तकात घालून ठेवली आहे. केटोचं बोलणं ऐकणारा तरुण लीलियस त्याला विचारतो, तुमच्याकडे पैसा आहे, मान आहे, म्हणून तुम्हाला म्हातारपण सोपं जातंय असं लोक म्हणतील. केटो त्यावर अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लिस याची गोष्ट सांगतो. सेरिफोस या टिकलीएवढ्या बेटावरचा एक माणूस त्याला म्हणाला, तुझी कीर्ती अथेन्समुळे आहे. थेमिस्टोक्लिस म्हणाला, खरंय, मी सेरिफोसचा असतो तर प्रसिद्ध झालो नसतो, आणि तू अथेन्सचा असतास तरी झाला नसतास. म्हणजे कंगालीत शहाण्यालाही म्हातारपण हलकं जात नाही, आणि मूर्खाला श्रीमंतीतही ते जडच. पटलं नाही तर तसं वहीत लिहा.

चौथी पायरी: ‘कर्तव्यांविषयी’, पण तिसऱ्या पुस्तकापासून

दे ऑफिकिइस हा त्याचा तत्त्वज्ञानाचा शेवटचा मोठा ग्रंथ, ४४ च्या शरदात लिहिलेला. तोवर अँटनीशी वैर पेटलं होतं. ग्रंथ लिहिलाय मुलाला उद्देशून. मार्कस तेव्हा अथेन्समध्ये शिकत होता. त्याने टिरोला पाठवलेलं एक पत्र टिकून आहे, आणि ते वाचून होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही हसू येईल: मी आता सुधारलोय, गुरुजींच्या सहवासात दिवस जातो, आणि हो, टिपणं उतरवायला एखादा लेखनिक पाठवून द्या, शक्यतो ग्रीक.

ग्रंथात तीन पुस्तकं: योग्य काय, फायद्याचं काय, आणि दोन्हींची टक्कर झाली तर काय. पहिल्यापासून सुरुवात केलीत तर व्याख्यांमध्येच दमाल. तिसऱ्यात गोष्टी आहेत. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय, भाव चढलेत. अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला माहीत आहे की मागून आणखी जहाजं येताहेत. गिऱ्हाइकाला सांगायचं की गप्प राहून चढ्या भावाने विकायचं? इथे सिसेरो स्टोइक, म्हणजे सद्गुणालाच सर्वस्व मानणाऱ्या ग्रीक पंथाच्या, दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. एक म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे, मला ठाऊक असलेलं सगळं सांगायला मी बांधील नाही. दुसरा म्हणतो, आपण सगळे एकाच मानवसमाजाचे, तुला कळलेलं त्यांच्या कामाचं असेल तर दडवायचं कसं? दोघांनाही भरपूर बोलू दिल्यावर तो स्वतःचा निकाल देतो: व्यापाऱ्याने लपवायला नको होतं.

त्याच ओघात कॅनियसची फसगत येते. सिराक्यूजला सुट्टीसाठी आलेल्या कॅनियसला बागबंगला हवा होता. पिथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावलं आणि गावच्या कोळ्यांना आधीच पढवून ठेवलं. जेवणाच्या वेळी बागेसमोर होड्याच होड्या, प्रत्येक जण पिथियसच्या पायाशी मासे ओततोय. ‘हे काय?’ ‘अहो, गावाला मासे मिळतात ते इथेच, पाणीही इथूनच जातं.’ कॅनियसने तोंडाला येईल त्या किमतीला बाग घेतली, सामानासकट. दुसऱ्या दिवशी मित्रांना बोलावलं तर एक वल्हंही दिसेना. शेजाऱ्याला विचारलं, आज कोळ्यांचा सण आहे का? ‘माझ्या माहितीत तरी नाही, पण इथे मासे कोणी धरतच नाही. म्हणून काल मला नवल वाटलं.’ सॅम्पल फ्लॅट दाखवणारे दोन हजार वर्षांपूर्वीही होते, आणि तेव्हा अशा फसवणुकीवर कायद्यात दादही मागता येत नव्हती.

तिसरं झालं की पहिलं वाचा, आणि त्याच्या शेवटाकडे थबका. तिथे सिसेरो कोणता धंदा सभ्य आणि कोणता हलका याची यादी देतो. मजुरी करणारे हलके, किरकोळ विक्रेते हलके, कारण खोटं बोलल्याशिवाय त्यांचं पोट भरत नाही म्हणे. मोठा घाऊक व्यापार असेल तर फारसं दूषण नाही, आणि शेती सर्वांत उत्तम. शेतीत राबणारे हात बहुतेक गुलामांचे होते, हे यादीत नाही. एवढ्या बारकाईने दोन्ही बाजू ऐकणाऱ्याने इथे दुसरी बाजू बोलावलीच नाही. ही जागा वगळू नका. त्याची पद्धत त्याच्यावरच वापरायला यापेक्षा चांगलं ठिकाण नाही.

पाचवी पायरी: एक भाषण, मोठ्याने

भाषणं किंवा त्यांचे भाग पन्नासहून अधिक उरलेत, पण नवख्याला एक पुरे: कॅटिलिनाविरुद्धचं पहिलं, नोव्हेंबर ६३. बंडाचा कट रचल्याचा ज्याच्यावर संशय तो कॅटिलिना सिनेटमध्ये येऊन बसलाय, आणि कॉन्सल सिसेरो प्रस्तावनेच्या फंदात न पडता थेट त्यालाच विचारतो की आमच्या सहनशीलतेचा अंत तू आणखी किती काळ पाहणार. इंग्रजीतही ते उभं राहून, आवाज चढवून वाचा. मनातल्या मनात वाचलं तर पुनरुक्ती खटकते. मोठ्याने वाचलं की कळतं, एकच गोष्ट तीनदा का म्हटली.

नंतर विरोधी पक्ष ऐका. ५ डिसेंबरला, पकडलेल्या पाच कटवाल्यांना खटला न चालवता मारण्यात आलं. सिनेटमध्ये सीझरने त्याला विरोध केला होता. रोमन नागरिकाला असं मारणं बेकायदा, याच मुद्द्यावर पुढे त्याचा राजकीय वैरी क्लोडियस याने सिसेरोला हद्दपार करवलं. सॅलस्ट या इतिहासकाराच्या ग्रंथात सीझर आणि धाकटा केटो (वरच्या म्हाताऱ्या केटोचा पणतू) यांची भाषणं समोरासमोर दिली आहेत, ती वाचून मगच मत बनवा. हेही लक्षात असू द्या, की छापील भाषण आणि झालेलं भाषण एकच नसतं. क्लोडियसच्या खुनाचा आरोप असलेल्या मायलोच्या बचावात, ५२ मध्ये, सैनिकांचा वेढा आणि जमावाचा आरडाओरडा यांत सिसेरोचं भाषण पडलं. मायलो हद्दपार होऊन आजच्या फ्रान्समधल्या मार्से शहरात गेला. नंतर सिसेरोने त्याला सुधारून लिहिलेली प्रत पाठवली, तेव्हा मायलो म्हणाला म्हणे, हेच बोलला असतात तर मला इथले हे झकास मासे कुठून मिळाले असते!

सहावी पायरी: वाक्य पाठवण्याआधी पत्ता विचारा

सिसेरोच्या प्रत्येक खऱ्या वाक्याला पत्ता असतो: ग्रंथाचं नाव, पुस्तकाचा क्रमांक, परिच्छेदाचा क्रमांक. ‘कर्तव्यांविषयी ३.५०’ म्हणजे तिसऱ्या पुस्तकातला पन्नासावा परिच्छेद, आणि हे आकडे बहुतेक आवृत्त्यांत सारखेच असतात. पत्ता नसलेलं वाक्य संशयित धरा. ‘अंदाजपत्रक समतोल हवं, खजिना भरलेला हवा’ हे नेत्यांचं आवडतं सिसेरो-वचन १९६५ च्या एका अमेरिकी कादंबरीतलं आहे. ‘पुस्तकांविना खोली म्हणजे आत्म्याविना देह’ हेही त्याच्या लिखाणात नाही. त्याने ॲटिकसला लिहिलं होतं ते वेगळं: टिरॅनियोने (हा एक ग्रीक विद्वान) माझी पुस्तकं लावून दिल्यापासून माझ्या घराला जणू मन आलंय. पत्ता, ॲटिकसला पत्रं, ४.८. खरं वाक्य जास्त छान आहे, कारण त्यात कपाट लावणारा माणूस आहे.

आणि काय तूर्त नको

वक्तृत्वावरचं ‘दे इन्व्हेन्शिओने’ नको. ते पोरवयातलं लिखाण आहे आणि पुढे त्याने स्वतःच ते झटकून टाकलं. ज्ञानमीमांसेचे आणि देवांच्या स्वरूपाचे ग्रंथ वर्षभर थांबू शकतात. ‘प्रजासत्ताकाविषयी’ तुटक मिळतं: त्याचा बराच भाग व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, खरवडून पुन्हा वापरलेल्या चर्मपत्रावर, १८१९ मध्ये सापडला. त्यातलं शेवटचं ‘स्किपिओचं स्वप्न’ तेवढं सुटं वाचा, दहाबारा पानांचं आहे.

ज्यांना व्यासपीठावर बोलायचं असतं त्यांनी मात्र ‘वक्त्याविषयी’ या ग्रंथाचं दुसरं पुस्तक लवकर उघडावं, आणि तेही विनोदाच्या प्रकरणापाशी. तिथे एक किस्सा आहे. नासिका नावाचा एक रोमन उमराव कवी एन्नियसच्या दारी गेला. मोलकरीण म्हणाली, साहेब घरी नाहीत. ती मालकाच्या सांगण्यावरून बोलतेय हे नासिकाला कळलं. काही दिवसांनी एन्नियस नासिकाकडे आला, तर नासिकाच आतून ओरडला, ‘मी घरी नाही!’ एन्नियस म्हणाला, ‘अहो, तुमचा आवाज ओळखत नाही का मी?’ ‘काय निर्लज्ज माणूस आहेस,’ नासिका म्हणाला, ‘मी तुझ्या मोलकरणीवर विश्वास ठेवला, आणि तू खुद्द माझ्यावर ठेवत नाहीस?’